बिनभिंतीची खोली

(खडवली येथे वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मृतीत ही व्याख्यानमाला चालते, त्या आमच्या सरांनी आठवीत आम्हाला कांद्याचा पापुद्रा दाखवला होता. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच. तो खिडकीपाशी ठेवून, खालचा आरसा फिरवून उजेड पकडायचा, पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा आणि रांगेतून एकेकाने येऊन डोळा लावायचा. माझी पाळी आली तेव्हा विटा रचल्यासारख्या पेशी दिसल्या, प्रत्येकीत एक पिवळसर तपकिरी गोळा दिसला आणि त्या गोळ्याच्या पोटात आणखी एक ठिपका. मी म्हटलं, "सर, ठिपक्यात ठिपका आहे." सर वाकले आणि इतका वेळ बघत राहिले की मागची रांग खोळंबली. मग म्हणाले, "आहे खरा. तिला केंद्रकी म्हणतात. पुस्तकात तिच्यावर एकच ओळ आहे. पुढचं तू शोधून काढ आणि मला सांग."

पुढे मी डॉक्टर झाले, पॅथॉलॉजी घेतली आणि कसारा लोकलने जा-ये करत पस्तीस वर्षं मुंबईत काचपट्ट्या तपासल्या. रोज ती केंद्रकी डोळ्यांसमोर होती. सरांना काही सांगून झालं, बरंचसं राहिलं. कारण विज्ञानालाच ते उशिरा कळलं. आज त्यांच्या नावाने बोलायला उभी आहे, तर ते राहिलेलं सांगते.

आधी जागा समजून घेऊ. आपल्या पेशीचं केंद्रक साधारण सहा ते दहा मायक्रॉनचं असतं. एका केसाच्या जाडीत अशी दहा केंद्रकं ओळीने मावतील. त्याच्याभोवती दुहेरी पटल असतं, पटलाला छिद्रं असतात आणि आत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए घडी घालून ठेवलेला असतो. या दाटीवाटीत एक-दोन गोलसर, घट्ट ठिपके दिसतात. तीच केंद्रकी, इंग्रजीतलं न्यूक्लिओलस. फेलिचे फोंताना या इटालियन संशोधकाने १७८१ मध्ये वाम माशाच्या कातडीवरच्या चिकट स्रावातल्या पेशी पाहताना असा ठिपका नोंदवला होता. म्हणजे आपल्याकडे पेशवाई असताना ही गोष्ट कुणाच्या तरी डोळ्यांत भरली होती, पण ती कशासाठी आहे हे कळायला पावणेदोनशे वर्षं लागली.

पेशीतल्या बहुतेक कप्प्यांना स्वतःचं पटल असतं. तंतुकणिकेला आहे, रिक्तिकेला आहे, खुद्द केंद्रकाला आहे. केंद्रकीला नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला, पेशी हजारोपट मोठी दिसू लागली, तरी केंद्रकीभोवती पटल सापडलं नाही. भिंत नाही, दार नाही, तरी आतला माल आत आणि बाहेरचा बाहेर. हे कसं? आज मी जे काही सांगणार आहे, ते या एका प्रश्नाभोवती फिरतं.

तिचं काम काय, ते आधी. पेशीत प्रथिनं तयार करणारं यंत्र म्हणजे रायबोसोम. स्नायूतलं मायोसिन असो, रक्तातलं हिमोग्लोबिन असो की भाताच्या दाण्यातलं प्रथिन असो, ते रायबोसोमवरच विणलं जातं. हे रायबोसोम केंद्रकीत घडतात. किती घडत असतील? जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या हेला नावाच्या मानवी पेशींचा अंदाज असा आहे की जोमाने वाढणारी एक पेशी मिनिटाला सुमारे ७,५०० रायबोसोम-अर्धुकं बनवते. एक मोठं आणि एक छोटं अर्धुक मिळून एक रायबोसोम होतो, म्हणजे मिनिटाला ३,७५०. विद्यार्थ्यांनी हिशेब करावा: चोवीस तासांत ५४ लाख. एका पेशीत, एका दिवसात, टाचणीच्या टोकापेक्षा शेकडो पट लहान जागेत.

हे काम सोपंही नाही. प्रथम डीएनएवरून आरएनएची एक लांब पट्टी उतरवली जाते, सुमारे तेरा हजार अक्षरांची. ती कापली जाते, ठरावीक अक्षरांवर खुणा केल्या जातात, आणि जवळजवळ निम्मी पट्टी काढून टाकून तीन कामाचे तुकडे ठेवले जातात. चौथा छोटा तुकडा केंद्रकीबाहेर बनतो आणि आणून जोडला जातो. सुमारे ऐंशी प्रकारची प्रथिनं बाहेर, पेशीद्रवात तयार होतात आणि केंद्रकाच्या छिद्रांतून आत येऊन या तुकड्यांवर बसतात. शिवाय दोनशेहून अधिक मदतनीस प्रथिनं लागतात. ती जुळवणीपुरती येतात आणि काम झालं की बाजूला होतात. अर्धुकं तयार झाली की पुन्हा छिद्रांतून बाहेर जातात.

या पट्टीची मूळ प्रत माणसाच्या डीएनएत एकच असती तर भागलं नसतं. तिच्या शेकडो प्रती आहेत आणि त्या पाच गुणसूत्रांच्या आखूड बाहूंवर आहेत: १३, १४, १५, २१ आणि २२. २००३ मध्ये मानवी जनुकसंच वाचून पूर्ण झाल्याची घोषणा झाली, तेव्हा हा भाग न वाचलेलाच होता. एकसारख्या शेकडो प्रती एकापुढे एक असल्यामुळे कुठला तुकडा कुठला हे जुळेना. ती पानं २०२२ मध्ये भरली गेली. पेशीचं सर्वांत जास्त वापरलं जाणारं पान इतक्या उशिरा वाचलं गेलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

आता बेडकांकडे वळते. आवणीच्या दिवसांत भातशेतांतून रात्रभर चालणारं डरावणं इथे कुणाला सांगायला नको. केंद्रकीचं काम पहिल्यांदा उघड झालं ते बेडकामुळेच. झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या पेशीत एरवी दोन केंद्रकी असू शकतात. १९५८ मध्ये ऑक्सफर्डमध्ये काही बेडूक असे सापडले की त्यांच्या पेशींत कधीही एकच दिसे. असे नर-मादी एकत्र आणले तर पिल्लांपैकी पाव हिस्सा बिनकेंद्रकीचा निघे. ही पिल्लं अंड्यातून बाहेर येत, पोहायला लागत आणि मग वाढ खुंटून मरत. डोनाल्ड ब्राउन आणि जॉन गर्डन यांनी १९६४ मध्ये दाखवलं की ही पिल्लं रायबोसोमचा आरएनए बनवूच शकत नाहीत. मग तेवढे दिवस ती जगली कशावर? आईने अंड्यात भरून दिलेल्या रायबोसोमवर. शिदोरी संपली तिथे आयुष्य संपलं. केंद्रकी नाही म्हणजे रायबोसोम नाहीत, हे इतकं स्वच्छ दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

आई ती शिदोरी भरते कशी, हेही बघण्यासारखं आहे. झेनोपसच्या वाढत्या अंडपेशीत या जनुकांच्या हजारो जादा प्रती काढल्या जातात आणि एका केंद्रकात हजाराच्या वर केंद्रकी तरंगू लागतात. हंगामापुरती कामाची जागा वाढवायची, इतका सरळ हा हिशेब आहे.

त्याही आधी, १९३४ मध्ये, बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी मक्यावर काम करताना पाहिलं होतं की केंद्रकी कुठेही उगवत नाही. सहाव्या गुणसूत्रावरच्या एका ठरावीक जागी ती तयार होते. ती जागा तुटून दोन तुकडे झाले तर दोन्ही तुकडे आपापली केंद्रकी उभी करतात. हे दोन्ही शोध शेजारी ठेवा. पेशीने आधी खोली बांधली आणि मग तिथे काम सुरू केलं, असं नाही. जिथे काम सुरू होतं, तिथे खोली होते. मला आज जे सांगायचं आहे ते हेच.

पण भिंतीवाचून ती टिकते कशी? याचं उत्तर २०११ मध्ये पुन्हा झेनोपसच्या अंडपेशीतच मिळालं. क्लिफर्ड ब्रँगविन, टिमोथी मिचिसन आणि अँथनी हायमन यांनी तिथल्या केंद्रकी एकमेकींना टेकल्यावर काय होतं ते मोजलं. त्या एकमेकींत मिसळत आणि हळूहळू पुन्हा गोल होत. घन वस्तू असं करत नाही, थेंब करतो. आमटीवर फोडणी ओतली की तेलाचे थेंब तरंगतात. चमच्याने दोन थेंब जवळ आणा, ते एक होतात आणि गोल होतात. तेलाभोवती भिंत नसते. तेलाला तेलाची संगत पाण्यापेक्षा अधिक रुचते, एवढंच. केंद्रकीतली प्रथिनं आणि आरएनए यांचं तसंच आहे. प्रत्येकाला अनेक हात आहेत, पकड सैल आहे, आणि सगळे मिळून एक दाट थेंब होतो. आतले रेणू स्थिर नसतात. येतात, जातात, पण थेंब राहतो.

हा थेंबही एकसंध नाही. त्यात तीन थर आहेत. आतमध्ये फिकट तंतुमय गाभे, त्यांच्याभोवती दाट तंतुमय थर, आणि सगळ्यांत बाहेर कणांनी भरलेला मोठा भाग. आरएनएची पट्टी गाभ्याच्या कडेला उतरते, दाट थरात तिची कापणी आणि खुणा होतात, बाहेरच्या थरात प्रथिनं बसून अर्धुक आकार घेतं. म्हणजे काम आतून बाहेर सरकतं. २०१६ मध्ये ब्रँगविन यांच्या गटाने दाट थरातलं फायब्रिलरिन आणि बाहेरच्या थरातलं न्यूक्लिओफॉस्मिन ही दोन शुद्ध प्रथिनं पेशीबाहेर, काचेवर एकत्र केली. फायब्रिलरिनचा थेंब आपण होऊन दुसऱ्याच्या पोटात जाऊन बसला. थर कोणी रचले नाहीत. दोन्ही द्रवांचा पृष्ठताण वेगळा, म्हणून ते तसे बसले. हा प्रयोग सर असताना झाला असता तर मी धावत त्यांच्याकडे गेले असते.

पेशी विभागायला लागते तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. विभाजन सुरू होतं, रायबोसोमचं काम थांबतं आणि केंद्रकी दिसेनाशी होते. ती कुठे लपत नाही, खरोखरच विरते. दोन नव्या पेशी झाल्या, काम पुन्हा सुरू झालं की त्याच गुणसूत्रांवर त्याच जागी ती परत उभी राहते. आठवडी बाजार आठवा. सकाळी मैदानावर भाजीवाले, सुकी मासळी घेऊन बसलेल्या बायका, कापडवाले, भांडीवाले आपापल्या ठरलेल्या जागी येतात. मैदानाला कुंपण नाही, तरी बाजार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते लहान मुलालाही कळतं. संध्याकाळी सगळं उठतं. पुढच्या आठवड्यात तीच माणसं, त्याच जागा. बाजाराची जागा व्यवहाराने बनते. व्यवहार थांबला की ते फक्त मैदान.

या विषयाला आपल्या मातीतली माणसंही आहेत. पुण्यात वाढलेल्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे, यांनी १९४३ मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातून एम.एस्सी. केलं. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींचं पेशी-आनुवंशशास्त्र, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं न्याहाळण्याचं काम. मग त्या मुंबईला आल्या आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली कर्करोगाच्या संशोधनात शिरल्या. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी काचेत जगवण्याचं तंत्र शिकल्या. मघाशी ज्यांचा हिशेब केला त्या हेला पेशी गाय यांच्याच प्रयोगशाळेत पहिल्यांदा वाढवल्या गेल्या. परत आल्यावर रणदिवे बाईंनी मुंबईत पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, देशातली पहिली. बाई काम करत त्याच परळच्या संशोधन केंद्रात सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पेशींचा अंतर्भाग अभ्यासला. १९५२ मध्ये सुरू झालेलं ते केंद्र आज खारघरला अ‍ॅक्ट्रेक म्हणून आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत कुंदन सेनगुप्ता यांच्या प्रयोगशाळेने २०१७ मध्ये दाखवलं की केंद्रकाच्या आतल्या अस्तरातलं लॅमिन बी-२ हे प्रथिन कमी केलं तर केंद्रकीचा आकार बिघडतो. म्हणजे हा थेंब एकटा तरंगत नाही. घराच्या अस्तराशी त्याचं नातं आहे.

आता माझ्या रोजच्या कामाकडे येते. १८९६ मध्येच ज्युसेप्पे पियानेसे यांनी नोंदवलं होतं की कर्करोगाच्या पेशीत केंद्रकी फुगलेली असते. कारण आता तुमच्या लक्षात आलं असेल: भराभर वाढायचं तर भरपूर प्रथिनं, म्हणजे भरपूर रायबोसोम, म्हणजे मोठी केंद्रकी. मूत्रपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगाची प्रत आम्ही केंद्रकीवरूनच ठरवतो. सूक्ष्मदर्शकात चारशेपट मोठं करूनही केंद्रकी दिसत नसेल किंवा जेमतेम दिसत असेल तर पहिली प्रत. चारशेपटीला ठळक दिसली तर दुसरी. शंभरपटीलाच ठळक दिसली तर तिसरी. चौथीत पेशींचा चेहरामोहराच बिघडलेला असतो. पुढचा उपचार आणि तपासण्या ठरवताना डॉक्टर ही प्रत बघतात. तुमच्या घरात कुणाच्या अहवालात "ग्रेड" लिहिलेला असेल, तर त्या आकड्यामागे कुणीतरी डोळा लावून हा ठिपका पाहिलेला असतो.

पण इथे एक गोष्ट ठासून सांगते. मोठी केंद्रकी म्हणजे कर्करोग, असं नाही. भरत असलेल्या जखमेच्या कडेच्या पेशीत ती मोठी असते. जंतूंशी लढायला जागी झालेली लिम्फोसाइट पेशी बघा, तिची केंद्रकी फुगलेली असते. मेंदूतल्या मोठ्या चेतापेशीत ती जन्मभर ठसठशीत असते. नवख्या पॅथॉलॉजिस्टची चूक इथेच होते, आणि म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना एकट्या केंद्रकीवर निदान लिहू देत नसे. केंद्रकी इतकंच सांगते की इथे काम जोरात आहे. ते काम कुणासाठी चाललंय, ते आजूबाजूच्या पेशी बघून ठरवायचं.

उलट्या बाजूनेही हे ज्ञान कामी येतं. लहान मुलांच्या मूत्रपिंडातल्या विल्म्स ट्यूमरवर अ‍ॅक्टिनोमायसिन-डी हे औषध अनेक दशकं वापरात आहे. थोड्या मात्रेत दिलं तर ते मुख्यतः रायबोसोमच्या आरएनएची पट्टी उतरवणं बंद करतं. त्यानंतर केंद्रकीकडे पाहिलं तर ती आक्रसलेली दिसते आणि तिचे थर सुटे होऊन कडेला टोप्यांसारखे बसलेले असतात. काम थांबलं, खोली मोडली. त्याच वेळी आणखी काही होतं. रायबोसोमसाठी आलेली काही प्रथिनं बिनकामाची उरतात आणि एमडीएम-२ या प्रथिनाला जाऊन चिकटतात. एमडीएम-२चं काम पी-५३ या दुसऱ्या प्रथिनाला दाबून ठेवण्याचं. ते अडकलं की पी-५३ मोकळं होतं आणि पेशीची वाढ थांबवतं किंवा तिला मरायला लावतं. म्हणजे केंद्रकी नुसता कारखाना नाही. तिथे काही बिघडलं की साऱ्या पेशीला ते कळतं.

रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात, प्रौढांच्या तीव्र मायलॉइड ल्युकेमियात, सुमारे एक तृतीयांश रुग्णांत न्यूक्लिओफॉस्मिनच्या जनुकात बदल आढळतो. बाहेरच्या थरातलं हे प्रथिन मग केंद्रकी सोडून पेशीद्रवात जाऊन बसतं. ब्रुनो फालिनी यांच्या गटाने हे २००५ मध्ये दाखवलं आणि आज ही तपासणी उपचाराची दिशा ठरवायला लागते.

सभेत आई-वडील बसले आहेत म्हणून आणखी एक सांगते. रायबोसोमची जनुकं असलेली ती पाच गुणसूत्रं कामासाठी केंद्रकीपाशी एकत्र येतात. इतकी जवळीक असली की क्वचित दोघांचे बाहू एकमेकांना जोडले जातात. साधारण हजारात एका माणसात अशी जोडणी असते. तो माणूस पूर्ण निरोगी असतो, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पण १४ आणि २१ जोडले गेले असतील तर बाळात डाउन सिंड्रोम येण्याची शक्यता वाढते. डाउन सिंड्रोमच्या बहुतेक बाळांत कारण हे नसतं, थोड्यांत असतं. म्हणून बाळाची गुणसूत्र-तपासणी करायची आणि जोडणी दिसली तर आई-वडिलांचीही. यात कुणाचा दोष नसतो. आईचा तर नसतोच. आपल्याकडे पहिलं बोट तिच्याकडे जातं, म्हणून हे मुद्दाम माइकवरून सांगते आहे.

केंद्रकात अशा बिनभिंतीच्या आणखीही जागा आहेत. रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९०३ मध्ये चेतापेशींत पाहिलेले काहाल-पिंड, तसेच आरएनएची काटछाट करणाऱ्या प्रथिनांचे ठिपके. वाराणसीत सुभाष लाखोटिया यांच्या गटाने २००० मध्ये फळमाशीच्या पेशीत ओमेगा-ठिपके नावाची नवी जागा दाखवली. मुंबई विद्यापीठात शिकलेल्या वीणा परनाईक यांनी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत लॅमिनचे ठिपके आणि आरएनए-काटछाटीच्या जागा यांचं नातं उलगडलं. त्यावर एक वेगळं व्याख्यान होईल. आज वेळ नाही.

बाहेरच्या टेबलावर दोन सूक्ष्मदर्शक मांडले आहेत. कांदा आहे, ब्लेड आहे, आयोडीन आहे. व्याख्यान संपल्यावर मुलांनी पापुद्रा स्वतः काढायचा, मोठ्यांनी मदत करायची नाही. आधी केंद्रक शोधा, मग आतला ठिपका. कुणाला एक दिसेल, कुणाला दोन, एखाद्याला तीन-चारही. सगळे बरोबर. कांद्याच्या वेगवेगळ्या गुणसूत्रांवर वेगवेगळे थेंब तयार होतात आणि जवळ आले की मिसळतात. एखाद्या पेशीत एकच मोठी केंद्रकी दिसली, तर तिथे मिसळून झालं आहे. ज्याला जितक्या दिसतील त्याने तितक्या फळ्यावर नावासमोर लिहायच्या, आणि रांग मोडली तरी चालेल, डोळा लवकर काढायचा नाही.